रूथ बेथलेहेमात आली तेव्हा
स्थलांतरित कुटुंबांविषयी एक अभ्यासपाठ



हळवी भाते पिवळी पडू लागली आहेत. कापणी-झोडणी उरकली, दिवाळी आटोपली, की मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या कातकरी वाड्या आणि ठाकूरपाडे हळूहळू रिकामे होऊ लागतील. पहाटे रस्त्यावर टेम्पो येऊन उभा राहतो. गोधड्या, टोप-ताटल्या, तांदळाचे गाठोडे, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या आणि झोपेतून उचललेली मुले त्यात चढतात. घराच्या दाराला झाप लावला जातो. मागे राहतात म्हातारी माणसे आणि कुत्री. त्यानंतर पावसाळा तोंडावर येईपर्यंत या कुटुंबांचा पत्ता असतो भिवंडीकडची, कल्याणकडची, पनवेलकडची एखादी वीटभट्टी.

त्याच दिवसांत उलट्या दिशेनेही माणसे येत असतात. आपल्याच तालुक्यांतल्या भट्ट्यांवर आणि खडीच्या खाणींवर बाहेरची कुटुंबे उतरतात. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत, आसनगाव-वाशिंदच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, झारखंडकडून तरुण येतात. त्यांतले काही रविवारी आपल्या मिस्सेला मागच्या बाकांवर बसलेले दिसतात. मिस्सा संपली की ते कुणाशी न बोलता निघून जातात, आणि खरे सांगायचे तर आपणही त्यांना हाक मारत नाही.

म्हणजे आपला हा भाग माणसे पाठवणाराही आहे आणि माणसे घेणाराही. ख्रिस्तसभा १९१४ पासून स्थलांतरितांसाठी एक दिवस पाळते, आणि २०१९ पासून तो साधारणपणे सप्टेंबरच्या अखेरच्या रविवारी येतो. आपल्याकडे ही वेळ फार योग्य आहे, कारण टेम्पो यायला अजून थोडे आठवडे असतात. त्या निमित्ताने हा पाठ लिहिला आहे. समूहाच्या सभेत तो वाचण्यापूर्वी घरी रूथचे पुस्तक वाचून यावे. चारच लहान अध्याय आहेत. अर्ध्या तासात होतात.

भाकरीच्या घरात भाकरी नाही

बेथलेहेम या नावाचा अर्थ भाकरीचे घर. रूथच्या पुस्तकाची सुरुवातच अशी की त्या भाकरीच्या घरात दुष्काळ पडला आणि एलीमलेख नावाचा माणूस बायको नामी व दोन मुलगे यांना घेऊन मवाब देशी गेला. पोट भरायला गेला. शहापूरकरांना ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. भातसा, तानसा, वैतरणा यांचे पाणी मुंबईला पोहोचवणारा हा तालुका, आणि एप्रिल-मेमध्ये इथल्याच पाड्यांवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. पाण्याच्या घरात पाणी नाही.

मवाबात एलीमलेख वारला, मुलगेही वारले. दहा-एक वर्षांनी नामी परत निघाली, तेव्हा मवाबी सून रूथ तिच्याबरोबर आली. जवाच्या कापणीचा हंगाम होता. एक म्हातारी आपल्याच गावात परतली होती, पण जवळ काही नव्हते. दुसरी तरुण, विधवा आणि परक्या मुलखातली होती. बेथलेहेम हे लहान गाव. तिथे नव्याने आलेल्यांसाठी कार्यालय नव्हते, अर्ज नव्हता, शिक्का नव्हता. तरीही वर्षभरात रूथ त्या गावाची झाली. हे कसे घडले, हा आपल्या पाठाचा प्रश्न आहे.

पहिली गोष्ट, गावात नियम होता. कापणी करताना शेताचे कोपरे सोडावेत, गळलेली कणसे उचलू नयेत, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्यावीत (लेवीय १९:९-१०, अनुवाद २४:१९-२२). याला आपण सरवा म्हणतो. आपल्याकडे भातकापणीनंतर आदिवासी बायामुले शेतात लोंब्या वेचताना दिसतात, तोच सरवा. त्यात कुणाची मेहेरबानी नव्हती. तो परक्याचा हक्क होता.

पण नियम पुरेसा नव्हता, आणि हे वाचताना आपण सहसा लक्षात घेत नाही. रूथने कुठल्याही शेतात जाऊन सरवा वेचला असता तर काय झाले असते, हे नामीला ठाऊक होते. दुसऱ्याच्या शेतात तुला त्रास होईल अशी भीती तिने बोलून दाखवली (२:२२). बवाजनेही आपल्या गड्यांना बजावले की तिच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही, तिला टाकून बोलायचे नाही (२:९, १५-१६). तहान लागली तर तिने गड्यांनी भरून ठेवलेल्या भांड्यातले पाणी प्यावे असे सांगितले. जेवणाच्या वेळी तिला कापणी करणाऱ्यांच्या रांगेत बसवले. त्याआधी मुकादमाने एक साधे काम केले होते: ही मुलगी कोण, असे बवाजने विचारल्यावर त्याने तिची नीट ओळख सांगितली. ती कुणाबरोबर आली, कधीपासून काम करते आहे, हे त्याला माहीत होते (२:५-७). आणि शेवटी गावाच्या वेशीत दहा वडीलधाऱ्यांना बसवून तिचा आणि नामीच्या जमिनीचा प्रश्न साक्षीदारांसमक्ष मिटवला गेला (४:१-१२).

नियम, पाणी, अन्न, अब्रू, ओळख आणि वेशीवरचा कागद. परक्या माणसाला गावात स्थिरावायला जे लागते, ते जवळजवळ सगळे या चार अध्यायांत आले आहे. ते सारे एका माणसाने दिले नाही. बवाज चांगला होता, पण मुकादम मुका राहिला असता तर बवाजला काहीच कळले नसते.

भट्टीवरचा हिशेब

आता बेथलेहेमातून आपल्या भट्टीवर येऊ. आपल्यापैकी अनेकांनी भट्टी रस्त्यावरून पाहिली आहे, पण तिचा व्यवहार फार थोड्यांना माहीत आहे.

तो पावसाळ्यात सुरू होतो. घरातले तांदूळ संपलेले असतात, कुणी आजारी असते, कुणाचे लग्न काढलेले असते. अशा वेळी भट्टीमालक किंवा त्याचा माणूस वाडीवर येतो आणि उचल देतो. उचल घेतली की ते कुटुंब त्या हंगामापुरते त्या मालकाचे. मजुरी माणसाला नाही, जोडीला असते. जोडी म्हणजे नवराबायको. एकट्या बाईचे नाव हिशेबात येत नाही. मजुरी हजार विटांमागे ठरते. माती रात्री कालवायची, पहाटेपासून विटा थापायच्या, उन्हात वाळत घातलेल्या विटा उलटायच्या. हे उलटण्याचे काम लहान हातांना जमते, म्हणून ते मुलांकडे येते. आठवड्याला खर्ची मिळते, तीत तेल, मीठ, मिरची, तांदूळ भागवायचे. पूर्ण हिशेब एकदाच होतो, हंगाम संपताना. पाडलेल्या विटांतून फुटलेल्या आणि पावसाने भिजलेल्या वजा, खर्ची वजा, उचल वजा. पुष्कळदा वजाबाकीच्या शेवटी मजुराच्या हाती काही पडत नाही, उलट त्याच्या अंगावर बाकी निघते. ती फेडायला पुढच्या दिवाळीनंतर तोच टेम्पो येतो.

सगळे मालक असे नाहीत. चोख हिशेब देणारे, मजुराच्या आजारपणात स्वतःच्या गाडीने दवाखान्यात नेणारे मालकही आम्ही पाहिले आहेत. पण वही मालकाकडे, मोजणी मालकाची आणि वाचता न येणारा माणूस समोर, अशी मांडणी असली की चांगुलपणावर किती भार टाकायचा?

कायदा या बाबतीत आपल्या समजुतीपेक्षा पुष्कळ पुढे आहे. वेठबिगार पद्धत १९७६ च्या कायद्याने बंद झाली. उचलीच्या बदल्यात माणसाला दुसरीकडे काम करण्यास, मोकळेपणी येण्याजाण्यास मज्जाव केला, किंवा किमान वेतनापेक्षा कमी दिले, तर ती वेठबिगारी ठरू शकते, आणि तशी ठरली तर अंगावरची बाकी कायद्यानेच संपते. ‘हे कर्ज वेठबिगारीचे नाही’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर आहे, मजुरावर नाही. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे ही सक्तीची मजुरी होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितले. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने १९८० च्या दशकापासून याच कायद्याच्या आधारे वेठबिगार सोडवले. तक्रार प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करायची असते. आदिवासींना, स्त्रियांना आणि वेठबिगारीत सापडलेल्यांना १९८७ च्या कायद्याप्रमाणे वकील मोफत मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ साली जो कायदा झाला, तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ठेकेदारामार्फत नेलेल्या मजुरांपुरता होता. मुरबाडचा कातकरी भिवंडीला गेला तर त्या कायद्याच्या लेखी तो स्थलांतरित नव्हताच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत स्वतःहून आलेल्या परप्रांतीय मजुराचाही विचार झाला आहे, पण राज्याची सीमा ओलांडण्याची अट तशीच आहे. आपल्या वाडीतला माणूस अजूनही त्या व्याख्येबाहेरच आहे.

आमची ब्लँकेटे

येथे आम्ही आमचीच एक गोष्ट सांगतो. बरीच वर्षे आपल्या धर्मग्रामातर्फे नाताळच्या आठवड्यात जवळच्या भट्टीवर ब्लँकेटे आणि केक वाटला जात असे. मुले कॅरल गात, फोटो निघत, आम्ही संध्याकाळी समाधानाने घरी येत असू. एका वर्षी एका बाईने ब्लँकेट घेतले आणि आमच्यातल्या एका भगिनीला विचारले, ‘बाय, हितं रेशन भेटंल का?’ आमच्यापैकी कुणालाही उत्तर माहीत नव्हते. तिच्याकडे पिवळे कार्ड होते, पण ते गावी सासूकडे ठेवले होते. इतक्या वर्षांत आम्ही थंडीविषयी विचार केला होता, तांदळाविषयी नाही.

त्यानंतर आम्ही माहिती काढली. तिचा उपयोग व्हावा म्हणून येथे देतो.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा आहे. त्याखाली अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ‘एक देश एक रेशनकार्ड’ ही सोय २०१९ साली सुरू झाली, आणि पहिल्याच टप्प्यात महाराष्ट्र व गुजरात यांची जोडी होती. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना ती लागू करण्याचा आदेश दिला. या सोयीप्रमाणे कार्डावरचे धान्य दुसऱ्या गावच्या दुकानातूनही उचलता येते. सगळे एकदम उचलायचेही बंधन नाही: म्हातारीने गावी तिच्यापुरते घ्यावे, भट्टीवर गेलेल्यांनी उरलेले तिथे घ्यावे, असे चालते. मूळ कार्ड बरोबर नसले तरी कार्डाचा किंवा आधारचा क्रमांक आणि बोटाचा ठसा लागतो.

अडते ते इथेच. विटा थापणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजून जातात. यंत्र ठसा ओळखत नाही. अशा वेळी कार्डावर नाव असलेल्या घरातल्या दुसऱ्या कुणाचा ठसा चालतो, पण हे सांगायला कुणी तरी हवे. आधार जोडलेले नसते, ई-केवायसी राहिलेले असते, धाकट्या दोन मुलांची नावे कार्डावर चढलेलीच नसतात. ही कामे भट्टीवर गेल्यावर होत नाहीत. ती गावी असतानाच, म्हणजे आत्ता, दिवाळीआधी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत करून घ्यावी लागतात. कातकरी समाज केंद्र सरकारच्या यादीत अतिअसुरक्षित आदिवासी गटांत मोडतो. या गटांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन ही मोहीम निघाली. आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय शहापूरला आहे, तेव्हा जातीचा दाखला, आधार यांसाठी तिथेही विचारावे.

शाळेचा दाखला

मुलांच्या बाबतीत नियम त्याहूनही स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचे. जुन्या शाळेचा दाखला आला नाही किंवा जन्माचा पुरावा नाही, म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी मागितल्याबरोबर दाखला द्यायचा. हंगामी स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्डाचीही पद्धत आहे: मूळ शाळेने ते मुलाच्या हाती द्यायचे, नव्या शाळेने ते पाहून त्याला बसवून घ्यायचे.

तरीही भट्टीवरची मुले विटा उलटताना का दिसतात? आम्ही एका मुलाच्या मागे लागून हे पाहिले. तो चौथीत होता. गावच्या शाळेत नाव होते, पण दिवाळीनंतर तो कधीच तिथे नसे, आणि भट्टीजवळच्या शाळेच्या पटावर तर तो नव्हताच. वडिलांना विचारले तर ते म्हणाले, ‘दाखला मागतील.’ ते शाळेत गेलेच नव्हते. मळलेल्या कपड्यांनी, परक्या गावात, कोण काय बोलेल या धास्तीने गेले नव्हते. आमच्यातले एक निवृत्त शिक्षक त्यांच्याबरोबर गेले. मुख्याध्यापकांनी दहा मिनिटांत नाव घातले. वाद झाला नाही, कायद्याचे कलम दाखवावे लागले नाही. मुख्याध्यापक नंतर म्हणाले की भट्टीवर मुले आहेत हे मला दिसते, पण ती कोणाची, किती दिवस राहणार, हे मला सांगायला कुणी येत नाही.

रूथच्या गोष्टीतला मुकादम आठवा. त्याने ओळख सांगितली होती.

तो मुलगा मार्चपर्यंत शाळेत गेला. मग ऊन वाढले, काम वाढले, आणि त्याची हजेरी तुटली. आम्ही हेही लपवत नाही. भट्टी गावाबाहेर, शाळा दीड मैलावर, आईवडील पहाटे तीनपासून चिखलात. धाकटे भावंड कोणी सांभाळायचे? म्हणूनच १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यातल्या भट्ट्यांवरच ‘भोंगा शाळा’ काढल्या होत्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुराची झोपडी. शाळेने मुलाकडे जायचे, ही त्यामागची दृष्टी होती. दुसरा मार्ग म्हणजे मुलांना गावीच ठेवणे: आजी-आजोबांकडे राहून हंगामी वसतिगृहाच्या सोयीने किंवा आश्रमशाळेत. आमच्या मते जिथे शक्य आहे तिथे हा मार्ग अधिक चांगला, कारण मुलाची भाषा, मित्र आणि शिक्षक तेच राहतात. पण आईपासून सहा वर्षांचे मूल सहा-सात महिने दूर ठेवायचे, हे आपण आपल्या घरात केले असते का, याचाही विचार सभेत व्हावा.

दवाखान्याबद्दल थोडक्यात. लसीकरण आणि अंगणवाडीचा आहार गावच्या नोंदीवर अडून राहत नाही; अंगणवाडीच्या नोंदीत मूल एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात हलवता येते. भट्टीवर गरोदर बाई आहे हे आशाताईंना कळवणे एवढेच काम आपले. रुग्णवाहिकेचा १०८ आणि संकटातल्या मुलांसाठीचा १०९८ हे दोन क्रमांक भट्टीवरच्या एका तरी फोनमध्ये घालून द्यावेत.

मागच्या बाकावरचे

कारखान्यात आलेल्या तरुणांची गरज वेगळी असते. त्यांना उचल नसते, पण ओळखही नसते. खोली भाड्याने घ्यायची तर मालक कागद मागतो, आणि कागदावर पत्ता हवा तर आधी खोली हवी. गॅसचेही तेच. पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, फक्त ओळखपत्रावर मिळतो, हे आम्हालाही अलीकडेच कळले. असंघटित कामगारांसाठी २६ ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम नोंदणी आहे; भट्टीवरच्या मजुरांनाही ती करता येते, आणि त्यांचा मदतक्रमांक १४४३४ आहे.

परदेशात गेलेल्या आपल्या नातलगांकडून ऐकलेले येथे आठवते. कॅनडात नव्याने आलेल्या कुटुंबाला भाषा शिकवायला, मुलांना शाळेत घालायला, डॉक्टर शोधून द्यायला सरकारी पैशांवर चालणाऱ्या संस्था आहेत. मोठ्या शहरात त्या हाताशी असतात. लहान गावात कार्यालय दूर, बस नाही, आणि मग शेजारीच ते काम करतात. चर्चचा तळघरातला दिवाणखाना हेच कार्यालय होते. शिवाय या सेवा मुख्यतः कायम राहण्याचा परवाना मिळालेल्यांसाठी असतात. फळे तोडायला हंगामापुरता आलेला शेतमजूर बहुतांशी त्यांच्या बाहेर राहतो. म्हणजे तिथेही जो स्थिरावणार त्याला हात मिळतो, जो राबून परत जाणार त्याला मिळत नाही. आपल्या भट्टीची गोष्ट फार निराळी नाही.

पवित्र कुटुंबाला मिसर देशात पळून जावे लागले, तिकडे पोप बाराव्या पायस यांनी १९५२ सालच्या आपल्या पत्रात जगाचे लक्ष वेधले आणि प्रत्येक स्थलांतरित कुटुंबाने त्यात आपले रूप पाहावे असे सुचवले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या स्थलांतरित दिनाच्या संदेशात चार क्रियापदे दिली: स्वागत करणे, संरक्षण देणे, उन्नतीला हात देणे आणि समाजात सामावून घेणे. आपण बहुधा पहिल्यावरच थांबतो. ब्लँकेट हे स्वागत झाले. रेशनचा ठसा, विटांची मोजणी, शाळेचा पट ही पुढची तीन.

२०२० च्या मे महिन्यात मुंबई-नाशिक महामार्गावरून आसनगाव, शहापूर, खर्डी, कसारा घाट असे हजारो लोक उन्हातून चालत गेले, ते आपण पाहिले आहे. त्या वेळी रस्त्यावर पाणी आणि चपात्या देणाऱ्यांत कुणाचा धर्म, कुणाचे गाव कुणी विचारले नाही. १ मेपासून श्रमिक गाड्या सुटू लागल्या तरी चालणारे चालतच होते. त्या दिवसांत आपल्या लोकांनी मनापासून केले. पण ती माणसे त्याआधी कितीतरी वर्षे आपल्या आजूबाजूलाच राहत होती, काम करत होती, आणि चालू लागल्यावरच आपल्याला दिसली, हे आम्हाला अजून टोचते.

वह्या

गेल्या हंगामात आम्ही एक छोटा प्रयोग केला. एका भट्टीवर अकरा जोड्यांना शंभर पानी वही दिली. रोज संध्याकाळी पाडलेल्या विटा, आठवड्याची खर्ची आणि घेतलेली उचल तीत लिहायची. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी शेजारच्या जोडीतले मूल लिही, किंवा रेघा मारायच्या. मालकाला आधी भेटून सांगितले. लपवाछपवी केली नाही. तो प्रथम हसला, मग थोडा रागावला, मग ‘लिहा’ म्हणाला.

हंगाम संपताना सात जोड्यांच्या वह्या पूर्ण होत्या. पाच जणांचा आकडा मालकाच्या वहीशी थोड्या फरकाने जुळला आणि त्यांना पैसे मिळाले. दोघांचा जुळला नाही. एकाचा फरक बसून बोलल्यावर मान्य झाला. दुसऱ्या जोडीचा प्रश्न मिटला नाही. प्रांत कार्यालयात जाऊया असे आम्ही म्हणालो, पण पाऊस तोंडावर होता, त्यांना घरी जाऊन राब भाजायचा होता, पेरणी करायची होती. ते बाकी अंगावर घेऊनच गेले. या वर्षी ते कुठल्या भट्टीवर जाणार आहेत ते आम्हाला माहीत नाही. त्यांच्या वाडीवर आम्ही पुढच्या आठवड्यात जात आहोत.

समूहाच्या सभेत रूथ २:५-७ आणि ४:१-१२ हे दोन भाग मोठ्याने वाचावेत. बवाज, मुकादम, नामी आणि वेशीतले दहा जण, यांच्यापैकी आपल्या गावात कोणते काम कोण करू शकेल, हे प्रत्यक्ष नावे घेऊन ठरवावे: तलाठी कार्यालयात कुणाची ओळख आहे, कुणाची सून अंगणवाडीत आहे, रेशन दुकानदाराशी कोण बोलेल, शाळेत कोण जाईल. हिंदी किंवा सादरी बोलणारे जे बंधू आपल्याकडे आहेत, त्यांनी मागच्या बाकांवरच्या तरुणांना मिस्सेनंतर चहाला थांबवावे.

दिवाळीआधी दोन वाड्यांवर जाऊन रेशनकार्ड, आधार आणि मुलांची शाळेची कागदपत्रे पाहायची आहेत. त्यासाठी मोटारसायकल असलेले चार जण हवेत, आणि त्यांत दोन तरी भगिनी असाव्यात, कारण वाडीवरच्या बाया आमच्याशी जेमतेम बोलतात. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या व्हरांड्यात थांबावे. या वर्षी तीन भट्ट्यांसाठी साठ वह्या लागतील. पेन्सिली आहेत, पेन नको, पावसाळी हवेत शाई पसरते.